नाइटच्या सिस्टर्सना धरून मीटिंगची वेळ कशी ठरवायची

हॉस्पिटलमधल्या वॉर्डची इनचार्ज सिस्टर झाल्यावर जुन्या इनचार्जकडून काही गोष्टी आपसूक हातात येतात. किल्ल्या, इंडेंटची (वॉर्डासाठी सामान मागवायची) वही, बिघडलेल्या सक्शन मशीनची तक्रार आणि महिन्याच्या मीटिंगची वेळ. माझ्या वाट्याला आलेली वेळ होती दुपारी २:३०. मॉर्निंगवाल्या नुकत्याच सुटलेल्या, ईव्हनिंगवाल्या नुकत्याच आलेल्या, म्हणजे दोन पाळ्या एका खोलीत. सोय इतकी छान की तिसऱ्या पाळीची आठवणच होत नसे. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असायचं, "नाइटच्या येतील की, दिवसभर घरीच तर असतात." हे वाक्य मी स्वतः दोन वर्षं म्हटलं आहे.

अशाच एका मीटिंगमध्ये आम्ही ठरवलं की ड्रेसिंगच्या ट्रॉल्या भरायचं काम रात्री करायचं. पहाटे ५ ते ७, कारण "तेव्हा वेळ असतो". खोलीत नाइट करणारं कुणीच नव्हतं, नाहीतर त्याच क्षणी हसू फुटलं असतं. पहाटे ५ ते ७ म्हणजे रक्ताचे नमुने, उपाशीपोटीची शुगर, व्हायटल्स (नाडी, ताप, रक्तदाब), इनटेक-आउटपुटची (रुग्णाच्या शरीरात किती पाणी गेलं, किती बाहेर पडलं याची) बेरीज, ऑपरेशनला जाणाऱ्या रुग्णांची तयारी आणि हँडओव्हरचं, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवण्याचं, लिखाण. ट्रॉल्या अर्ध्या भरलेल्या मिळू लागल्या, मॉर्निंगच्या कुरकुरू लागल्या, नाइटच्या सगळ्यांच्या मनातून उतरल्या. तो निर्णय मागे घ्यायला आम्हाला दोन महिने लागले. चूक कुणा एकीची नव्हती, मीटिंग चुकीच्या वेळी होती.

त्यानंतर आम्ही हळूहळू जी पद्धत बसवली ती खाली लिहिते आहे. सगळीकडे नाइट रात्री ८ ते सकाळी ८ अशी धरली आहे. तुमच्याकडे वेळा वेगळ्या असतील तर आकडे बदला, हिशेब तोच राहील.

आधी हे कागद जवळ घ्या

- मागच्या तीन महिन्यांचा आणि पुढच्या दोन महिन्यांचा ड्यूटी रोस्टर (कुणाची पाळी कधी याचा तक्ता), मंजूर रजांसकट
- मागच्या वर्षभराच्या मीटिंगांचं हजेरीपत्रक आणि इतिवृत्ताची वही
- पाळ्यांच्या खऱ्या वेळा. कागदावर ८ असेल, पण हँडओव्हर संपून माणूस बाहेर ८:४० ला पडत असेल, तर ८:४० लिहा
- मीटिंगचा वेळ ड्यूटीत धरतात की नाही, बदली सुट्टी मिळते का, याबद्दलचा तुमच्या संस्थेचा नियम. लेखी नसेल तर वरिष्ठांकडून लेखी करून घ्या, पुढे पायरी ६ मध्ये लागेल
- एक कोरी वही. संगणकावर तक्ता केलात तरी चालेल, पण मला वहीच बरी वाटते, कारण ती रात्री दोन वाजताही कुणीही उघडून बघू शकतं

१. हजेरीपत्रक उलटं वाचा

आपण हजेरीपत्रकात कोण आलं ते बघतो. एकदा कोण आलं नाही ते बघा, आणि प्रत्येक गैरहजेरीशेजारी त्या दिवशी तिची कोणती ड्यूटी होती ते रोस्टरवरून लिहा. मी हे केलं तेव्हा ज्या सिस्टरला मी मनातल्या मनात "हिला वॉर्डचं काही पडलेलं नाही" असं म्हणत होते, तिच्या जवळजवळ सगळ्या गैरहजेऱ्या नाइटच्या आठवड्यात निघाल्या. मग उलटही तपासा. नाइटच्या आठवड्यात असूनही कोण येत होतं? त्या आल्या याचा अर्थ त्यांनी झोप मोडली. कौतुक वाटेल, पण त्या रात्री औषधं त्यांच्याच हातात होती.

या तपासणीला तासभर लागतो. ती केल्याशिवाय पुढे जाऊ नका. वरिष्ठांना पटवताना हाच कागद कामी येतो.

२. घड्याळ बाजूला ठेवून झोपेचा पट्टा काढा

नाइट करणाऱ्या एका सिस्टरचा दिवस मांडून बघू. ८ वाजता ड्यूटी संपली, हँडओव्हर देऊन ८:४० ला निघाली, ९:३० ला घरी, आवराआवर करून १०:१५ ला अंथरुणावर. प्रौढ माणसाला रोज किमान ७ तास झोप लागते. म्हणजे तिची झोप पूर्ण होईल संध्याकाळी ५:१५ ला. दुपारी २:३० ही वेळ त्या झोपेच्या जवळपास मधोमध येते. दिवसाची ड्यूटी करणाऱ्या माणसाला रात्री २:३० ला मीटिंगला बोलावण्यासारखंच हे आहे, फक्त बाहेर ऊन असल्यामुळे आपल्याला ते तसं दिसत नाही.

त्यातही दिवसाची झोप मुळात तोकडी. उजेड आणि शरीराचं अंतर्गत घड्याळ दोघंही जागं करायला टपलेले असतात, त्यामुळे बहुतेकांची दिवसाची झोप पाच-सहा तासांच्या पुढे सरकत नाही. मध्येच मोडली तर तुटलेला तुकडा नंतर जोडता येत नाही, कारण दुपारी एकदा उठलेलं माणूस संध्याकाळी सहसा पुन्हा झोपू शकत नाही.

तेव्हा प्रत्येकीला एवढंच विचारा: नाइटच्या दिवसांत तुम्ही साधारण किती ते किती झोपता? कारणं विचारू नका. कुणाचं लहान मूल असतं, कुणी घरच्या आजारी माणसाचं करत असतं, कुणाला झोपेच्या गोळ्या चालू असतात. ते सांगायची सक्ती झाली की लोक खोट्या वेळा सांगतात. मिळालेले पट्टे एकाखाली एक आखा. आमच्याकडे सकाळी ९ ते संध्याकाळी ५:३० हा भाग जवळपास सगळ्यांचा भरलेला निघाला. तो आम्ही बंद केला. या वेळेत नाइटच्या कुणालाही बोलावायचं नाही, फोन करायचा नाही, ग्रुपवर "तातडीने कळवा" टाकायचं नाही.

३. रोस्टरवरच्या 'ऑफ'ला फसू नका

नवीन इनचार्ज हमखास अडकते ती जागा हीच. रोस्टरवर मंगळवारी 'नाइट ऑफ' लिहिलेलं असतं. आपण म्हणतो, वा, मंगळवारी मोकळी आहे, मीटिंगला बोलावू. पण ती सोमवारची नाइट करून मंगळवारी सकाळी ८ ला सुटलेली आहे. त्या तारखेचे पहिले आठ तास तिने वॉर्डात काढलेत. तो दिवस सुट्टीचा नाही, झोप भरून काढण्याचा आहे. खरी सुट्टी बुधवारी सुरू होते, आणि सुट्टीच्या दिवशी बोलावणं हा पुन्हा वेगळा अन्याय.

रोस्टरवर अशा पहिल्या 'ऑफ'भोवती पेन्सिलने गोल काढायची सवय लावा. गोल दिसला की ती व्यक्ती त्या दिवशी ड्यूटीवर आहे असंच समजायचं.

४. उपलब्ध वेळा तपासा

सगळ्यांना सोयीची वेळ सापडेल या आशेने रोस्टर घेऊन बसू नका, ती नसते. ज्या वेळा हाताशी आहेत त्या अशा:

*सकाळी ८ नंतर लगेच.* सगळ्यांच्या मनात पहिली येते आणि सगळ्यात जास्त फसवी आहे. दुपारी ३ ला उठून रात्री ड्यूटीवर आलेली सिस्टर सकाळी ८ ला सलग १७ तास जागी असते. १९९७ साली 'नेचर'मध्ये डॉसन आणि रीड यांनी दाखवलं की १७ तास जागं राहिल्यावर हातडोळ्यांचा ताळमेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतका घसरतो, आणि २४ तासांनी ०.१० टक्क्यांइतका. तिला तासभर बसवून घेता आणि मग गाडी चालवत घरी पाठवता. शिवाय त्या अवस्थेत माणूस कशालाही हो म्हणतं. ही वेळ वापरायचीच झाली तर १५ मिनिटांच्या सूचनांसाठी वापरा, निर्णयासाठी नाही. हँडओव्हरच्या वेळेतून तर एक मिनिटही कापू नका.

*संध्याकाळी ७:१५, नाइट सुरू होण्याआधी.* माझी आवडती. माणसं झोपून आलेली असतात, डोकं ताजं असतं. अडचण एकच, त्यांना पाऊण तास लवकर निघावं लागतं. तो वेळ ड्यूटीत धरला तर कुणी फारशी कुरकुर करत नाही, नाही धरला तर तिसऱ्या महिन्यात खोली रिकामी. ७:५५ ला मीटिंग संपलीच पाहिजे. ईव्हनिंगवाल्या हँडओव्हर द्यायला थांबलेल्या असतात, त्यांचा उशीर हाही उशीरच.

*रात्री ११:३० च्या सुमारास, वॉर्डातच.* रात्रीची औषधं झाली, दिवे मंद झाले की साधारण तासाभराची फट मिळते. मिळेलच असं नाही, एक नवी ॲडमिशन आली की गेली. मीटिंग दोन तुकड्यांत घ्यावी लागते, अर्ध्या जणी बसतात, अर्ध्या वॉर्ड सांभाळतात, मग अदलाबदल. नर्सिंग स्टेशनवरच बसा, बेल आणि मॉनिटरचा अलार्म ऐकू यायला हवा. प्रत्येक तुकडीला २० मिनिटं पुरे. बाळंतपणाचा विभाग, अतिदक्षता विभाग, कॅज्युअल्टी (तातडीच्या रुग्णांचा विभाग) इथे मी ही वेळ सुचवणार नाही.

*पहाटे ३ ते ६.* नको. शरीराचं तापमान आणि सावधपणा याच तासांत तळाला गेलेले असतात, आणि पाचनंतर कामाचा डोंगर. एका वरिष्ठांनी एकदा "मी पहाटे पाचला येते, सगळ्यांना भेटते" असं मोठ्या मनाने सांगितलं होतं. आल्या, भेटल्या, आणि त्या दिवशी सगळे रक्ताचे नमुने उशिरा गेले.

*ऑनलाइन.* प्रवास वाचतो, झोप वाचत नाही. दुपारी २:३० ची मीटिंग मोबाइलवर आली तरी २:३० लाच उठावं लागतं. झोपेतून अचानक उठल्यावर पंधरा ते तीस मिनिटं डोकं धूसर असतं हे आपण रुग्णांच्या बाबतीत जाणतो, मग कॅमेरा बंद ठेवून गप्प बसलेल्या सिस्टरबद्दल "तिला काही म्हणायचं नसेल" असं का समजतो?

५. एकच मीटिंग, दोन बैठका

आम्ही शेवटी इथे येऊन थांबलो. विषयपत्रिका एक, बैठका दोन: एक दुपारी २:३० ला, एक संध्याकाळी ७:१५ ला, दोन्ही ४८ तासांच्या आत. नाइटची व्यक्ती दुपारी आली तर तिला मी परत पाठवते, थट्टेत पण खरंच.

ही पद्धत ऐकायला सोपी आणि बिघडायला त्याहून सोपी. आमच्याकडे पहिले तीन महिने संध्याकाळची बैठक म्हणजे "दुपारी असं असं ठरलं" एवढं वाचून दाखवणं होतं. नाइटच्या एका सिस्टरने शांतपणे विचारलं, "मग आम्हाला कशाला बोलावलंत? कागद लावायचा ना भिंतीवर." बरोबर होतं तिचं. तेव्हापासून तीन नियम आहेत.

पहिल्या बैठकीत काहीही ठरत नाही. वहीत पेन्सिलने लिहायचं आणि वर 'कच्चं' असा शेरा. दुसरी बैठक झाल्यावरच शाईने.

दोन बैठकांत मतं जुळली नाहीत तर निर्णय पुढच्या महिन्यावर जातो, किंवा दोन्हीकडच्या दोन-दोन जणी संध्याकाळी ७:१५ लाच भेटून तोडगा काढतात. बहुमत मोजू नका. दिवसाच्या माणसांची संख्या नेहमीच जास्त असते, मत मोजलं की नाइट हरणार हे आधीच ठरलेलं. आणि ज्या पाळीवर काम पडणार, त्या पाळीच्या होकाराशिवाय ते काम त्या पाळीवर टाकायचं नाही. ट्रॉल्यांचं प्रकरण या एका वाक्याने टळलं असतं.

तिसरा नियम, एका महिन्यात दुपारची बैठक आधी, पुढच्या महिन्यात संध्याकाळची आधी. जे आधी बसतात ते विषयाला आकार देतात, नंतरचे फक्त दुरुस्त्या सुचवतात. हा फरक मला वर्षभराने कळला.

६. वेळेचा मोबदला लेखी करा

ड्यूटीबाहेर घालवलेला वेळ हा कामाचा वेळ आहे. तुमच्या संस्थेत तो पगारात धरतात, बदली सुट्टीत धरतात की पुढच्या ड्यूटीतून वजा करतात ते तुमच्या नियमाप्रमाणे, पण कुठेतरी धरलाच पाहिजे. मी वहीत मिनिटं लिहिते आणि आठ तास भरले की एक सुट्टी देते. मंजुरी लेखी आहे. तोंडी मंजुरीवर चालू नका, वरिष्ठ बदलतात आणि नव्यांना काही माहीत नसतं.

७. मीटिंगचा फेरा आणि पाळीचा फेरा एकमेकांत अडकलेत का, बघा

हे मला सगळ्यात उशिरा दिसलं. आमच्याकडे चार गट होते, प्रत्येक गटाला एक आठवडा नाइट, म्हणजे चार आठवड्यांचा फेरा. मीटिंग दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी. दोन पहिल्या सोमवारांत कधी चार आठवडे असतात, कधी पाच, वर्षात साधारण आठ वेळा चार आणि चार वेळा पाच. जेव्हा जेव्हा चार आठवड्यांचं अंतर पडतं, तेव्हा तोच गट पुन्हा नाइटला सापडतो. एकाच गटाच्या सलग दोन-तीन मीटिंगा बुडतात, आणि कुणी मुद्दाम काही केलेलं नसतं.

उपाय फुकटचा आहे. मीटिंग महिन्यावर बांधू नका, पाच आठवड्यांवर बांधा. चारचा फेरा आणि पाचचा फेरा असला की दर वेळी पुढचा गट नाइटला येतो, आणि चार मीटिंगांत चारही गटांची पाळी होऊन जाते. तुमचे तीन गट असतील तर चार किंवा पाच आठवडे चालतील, सहा नको. मीटिंगमधले आठवडे आणि गटांची संख्या या दोन्हींना एकाहून मोठ्या एकाच आकड्याने भाग जात नाही, एवढं बघा. वर्षभराच्या तारखा एकदम काढून लावून टाका.

कायम नाइट करणाऱ्या सिस्टर्स असतील तर हा उपाय त्यांना लागू नाही. त्यांच्यासाठी दोन बैठका हाच रस्ता.

८. झोपमोडीची वही

कितीही केलं तरी काही प्रसंग सुटत नाहीत. तपासणी पथक येतं, आगीच्या सरावाची तारीख वरून ठरते, एखादी गंभीर घटना घडली की सगळ्यांना लगेच एकत्र बसावं लागतं. तेव्हा नाइटच्या माणसाला दुपारी यावं लागलं, किंवा दिवसाच्या माणसाला रात्री, की तिच्या नावापुढे एक रेघ. वही नर्सिंग स्टेशनवर उघडी असते. पुढच्या वेळी कुणाची गैरसोय करायची तर ज्यांच्या रेघा कमी त्यांची. माझ्या स्वतःच्या रेघाही त्यात आहेत. रात्री ११:३० ची बैठक घेतली तर दुसऱ्या दिवशी मी सकाळी ८ ला येत नाही. सुरुवातीला यायचे, मिरवायचे सुद्धा, आणि मग नाइटच्यांना कोणत्या तोंडाने सांगणार की झोप घ्या?

नवीन मशीनचं प्रशिक्षण, वार्षिक मूल्यमापनाची भेट, सत्कार-निरोप, यांनाही हेच नियम. निरोपसमारंभ तर हटकून दुपारी असतो आणि वीस वर्षं नाइट केलेल्या बाईच्या निरोपाला नाइटचं कुणी नसतं.

९. वरिष्ठांकडे कसं मांडायचं

"सिस्टर्सना त्रास होतो" एवढ्याने काम होत नाही. पायरी १ चा कागद पुढे ठेवा. मग विश्रांतीचा मुद्दा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७७ साली परिचारिकांसाठी केलेल्या १५७ क्रमांकाच्या शिफारशीत दोन पाळ्यांमध्ये किमान १२ तास सलग विश्रांती असावी असं म्हटलं आहे, आणि युरोपीय संघाच्या कामाच्या तासांबाबतच्या निर्देशात ती २४ तासांत किमान ११ तास आहे. सकाळी ८ ते रात्री ८ म्हणजे बरोबर १२ तास. त्यात २:३० ची मीटिंग टाकली की सलगपणा संपला. रात्रपाळीला २००७ आणि पुन्हा २०१९ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' गटात, म्हणजे २अ मध्ये, ठेवलं आहे. हेही सांगता येईल, पण मी ते राखून ठेवते. भीती घातली की समोरचा माणूस बचावात्मक होतो.

त्यापेक्षा एकच प्रयोग मागा: तीन मीटिंगा, दोन बैठकांच्या पद्धतीने, नंतर हजेरी शेजारी शेजारी ठेवून बघू. प्रयोगाला नाही म्हणणं कठीण असतं.

१०. सूचना कुठे आणि कधी

किमान १४ दिवस आधी, म्हणजे रोस्टर पक्का होण्यापूर्वी. व्हॉट्सॲपवर टाकायची तर संध्याकाळी ६ ते ८ मध्ये. सकाळी ११ ला टाकलेल्या निरोपावर दिवसाच्या पंधरा जणी अंगठे उमटवतात आणि पंधरा वेळा कुणाचा तरी फोन उशीखाली थरथरतो. मजकूर एवढाच पुरतो:

"वॉर्ड मीटिंग. पहिली बैठक बुधवार दुपारी २:३० (मॉर्निंग, ईव्हनिंग). दुसरी बैठक गुरुवार संध्याकाळी ७:१५ (नाइट). दोन्हींत विषय तेच. नाइटवर असलेल्यांनी व नुकतीच नाइट संपवलेल्यांनी दुपारी येऊ नये. दोन्हींना जमत नसेल तर विषयांवर मत चिठ्ठीवर लिहून वहीत ठेवा, बैठकीत वाचलं जाईल. निर्णय गुरुवारनंतर. वेळ ड्यूटीत धरला जाईल."

आणि कागद लावायची जागा बघून घ्या. आमचा नोटीस बोर्ड इतकी वर्षं इनचार्जच्या खोलीत होता. संध्याकाळी ५ ला मी निघताना ती खोली कुलूप लावून जात असे.